नाताळचा गिफ्ट हॅम्पर, फतेगंज, बडोदा : केक घ्या, ‘वाइन’ राहू द्या

सरळ सांगते. केकसाठी घ्यायचा असेल तर घ्या, बाटलीसाठी अजिबात घेऊ नका, आणि खोक्यात बाकी जे काही कोंबलंय त्यातली एकच वस्तू खरंच कामाची निघाली, ती कुठली ते खाली येईलच.

दुकान फतेगंजच्या बाजूचं. नाव लिहीत नाहीये, कारण मालक चांगला माणूस आहे, आमच्या घरची चांदणी, गव्हाणीतल्या मूर्ती, कार्डं सगळं वर्षानुवर्षं त्याच्याकडूनच येतं आणि त्याबद्दल काडीची तक्रार नाही. तक्रार या एका खोक्याची आहे आणि तो खोका त्याने बनवलेलाही नाही, बाहेरच्या कुठल्यातरी सप्लायरचा माल आहे. किंमत १,८५० रुपये. लाल पुठ्ठा, त्यावर सोनेरी क्रूस, आणि इंग्रजी नि गुजरातीत ‘ख्रिस्ती कुटुंबांसाठी खास’. मराठीत एक अक्षर नाही, म्हणजे आमच्यासारखी नगरकडून नोकरीला येऊन इकडेच राहिलेली घरं त्यांच्या हिशोबात नसावीत, पण ते सोडा, बडोद्यात राहून गुजराती वाचता येत नाही असं कोण आहे.

आत काय काय आहे : ७५० मिलीची एक ‘होली वाइन’, प्लम केक, ‘ऑलिव्ह वुड’चा क्रूस, जॉर्डन नदीच्या पाण्याची बोटभर कुपी, सोनं-ऊद-गंधरस (बाळ येशूला मिळालेल्या तीन भेटी) लिहिलेली एक पोतडी, बायबलमधल्या वचनांच्या चिठ्ठ्या गुंडाळलेल्या गोळ्या, आणि प्रभुभोजनाचे, म्हणजे चर्चमध्ये भाकर आणि द्राक्षाचा रस घेण्याच्या विधीचे, सीलबंद तयार कप, सहाचं पाकीट.

आधी बाटली, कारण सगळा खोका विकला जातो तो तिच्यावरच. दिसायला बाटली म्हणजे वरातीतला नवरदेव. गडद हिरवी काच, मानेवर सोनेरी फॉइल, बूच आहे असं वाटावं असं प्लॅस्टिकचं टोपण, लेबलावर द्राक्षाचे मळे आणि येशूने पाण्याची वाइन केली त्या काना गावच्या लग्नातले सहा दगडी रांजण. ‘होली वाइन’ एवढं मोठं, आणि ‘नॉन-अल्कोहोलिक’ एवढंसं, की माझा चष्मा नसता तर दिसलंच नसतं. मालकाला विचारलं हे नक्की आहे काय, तर म्हणाला, “बेन, एकदम प्योर छे, चर्चमां पण चाले.”

आता मागची बाजू वाचू. पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, जे सगळ्यात जास्त ते पहिलं, हा नियमच आहे. तर पहिलं पाणी, दुसरी साखर, मग द्राक्षाचा रस १० टक्के, तोही कॉन्सन्ट्रेटपासून, मग ३३० म्हणजे सायट्रिक ॲसिड, २११ म्हणजे सोडियम बेंझोएट, १२२ म्हणजे कार्मोइसिन नावाचा लाल रंग, आणि कृत्रिम स्वाद. गंमत बघा, आपल्याकडे कुठल्याही पेयाला फ्रूट ड्रिंक म्हणायचं तर त्यात निदान १० टक्के फळाचा रस लागतो, लिंबाचं असेल तर ५ चालतो. म्हणजे यांनी कायद्याने जेवढं घालायलाच लागतं बरोब्बर तेवढंच घातलंय, वर एक थेंब नाही. चव? लग्नाच्या हॉलमध्ये शिरताना वेटर ट्रेमधून देतो ते लाल वेलकम ड्रिंक, तेच, थंडगार प्यायलं तर चालून जातं, मुलांनी आवडीने प्यायलं आणि सगळ्यांच्या जिभा लाल. ते ठीक आहे हो, पण लाल सरबताची बाटली सुटी ६५० रुपयांना?

कुणी म्हणेल अल्कोहोल काढलेली वाइन अशीच लागते. नाही लागत. ती वेगळी गोष्ट आहे, आधी रीतसर वाइन बनवतात, आंबवतात, मग व्हॅक्यूममध्ये कमी तापमानाला अल्कोहोल उडवतात किंवा बारीक पडद्यांमधून गाळून वेगळा करतात, म्हणून ती महाग पडते आणि तिला तो तुरट, आंबटसर ठसका थोडाफार राहतो. आपल्या देशात ०.५ टक्क्यापर्यंत अल्कोहोल असेल तर ते पेय नॉन-अल्कोहोलिक धरतात. या बाटलीतला रस आयुष्यात कधी आंबलेलाच नाही, मग त्यातून काढलं काय?

दुसरा युक्तिवाद मला दुकानात रांगेत उभ्या असलेल्या एका काकांनी ऐकवला, की अहो ताई, गुजरातमध्ये दारूबंदी आहे, आपल्या लोकांना चर्चसाठी दुसरं मिळणार काय. काका, तसं नाहीये. दारूबंदी आहेच, १९६० ला राज्य झाल्यापासून आहे, कायदा तर त्याच्याही आधीचा, मुंबई राज्याचा १९४९ चा, त्याचं नाव बदलून गुजरातचं केलं ते २०११ मध्ये. पण त्याच कायद्यात धार्मिक विधीसाठी परवानगीने वाइन वापरायची सोय पहिल्यापासून आहे. (आणि आता तर गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीत २०२३ च्या डिसेंबरपासून ऑफिसवाल्यांनाही सवलत मिळालीय, तो विषय वेगळा.) माझी शेजारीण कॅथलिक आहे, तिला बाटली दाखवली तर ती हसतच सुटली. त्यांच्या नियमात मिस्साची, म्हणजे त्यांच्या चर्चमधल्या मुख्य उपासनेची, वाइन द्राक्षाची, नैसर्गिक आणि न नासलेली असावी लागते, त्यात साखर-रंग-स्वाद चालतच नाही, एखाद्या फादरना दारू चालत नसेल तर बिशपांच्या परवानगीने मस्टम म्हणजे ताजा किंवा आंबणं थांबवलेला द्राक्षाचा शुद्ध रस घेता येतो, पण तोसुद्धा शंभर टक्के द्राक्षच. म्हणजे ‘चर्चमां पण चाले’ हे निम्म्या चर्चांच्या बाबतीत तिथेच खोटं पडलं.

उरलो आम्ही मेथडिस्ट, म्हणजे प्रोटेस्टंटांतला एक पंथ. आमच्याकडे न आंबलेलाच रस चालतो, आणि इथेच मला त्या सप्लायरचा खरा राग आला, कारण न आंबलेला रस बाटलीत भरून चर्चला विकायची आयडिया त्याच्या डोक्यातून आलेली नाही, ती दीडशे वर्षांहून जुनी आहे आणि ज्याने काढली त्याने काम प्रामाणिक केलं होतं. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या व्हाइनलँड गावात थॉमस ब्रॅमवेल वेल्च नावाचे दातांचे डॉक्टर होते, आपल्या मेथडिस्ट चर्चमध्ये प्रभुभोजनाची व्यवस्था बघायचे. मंडळी कट्टर दारूविरोधी, आणि पेल्यात मात्र वाइन. आता तुम्ही म्हणाल साधा रस का नाही वापरायचा, तर द्राक्षाच्या सालीवर यीस्ट असतंच, रस काढून ठेवला की ते साखर खाऊन अल्कोहोल करायला लागतं, फ्रिज नसलेल्या काळात रस थोड्याच दिवसांत आपोआप वाइनच्या वाटेला लागायचा. फ्रान्समध्ये पाश्चरने वाइन बिघडू नये म्हणून ती तापवायची पद्धत काढली होती, या डॉक्टरांनी तीच उलटी वापरली, काँकर्ड जातीच्या द्राक्षांचा रस गाळून बाटल्यांत भरला, बाटल्या उकळत्या पाण्यात ठेवल्या, यीस्ट मेलं, रस रसच राहिला. साल १८६९. नाव ठेवलं ‘डॉ. वेल्च यांची न आंबलेली वाइन’. चर्चना विकायला गेले तर फारसं कुणी घेईना! पुढे मुलाने, चार्ल्सने, धंदा हातात घेतला, नावातून वाइन काढून सरळ ग्रेप ज्यूस केलं, १८९३ च्या शिकागोच्या मोठ्या प्रदर्शनात लोकांना चाखायला दिलं, आणि मग गाडी सुटली.

मला यातलं आवडतं ते हे, की मंडळीला एक खरी अडचण होती आणि बाटलीत तिचं उत्तर होतं. लेबलावर क्रूस असो नसो, आत शंभर टक्के द्राक्ष होतं. फतेगंजच्या बाटलीने अडचण सोडवली ती फक्त विकणाऱ्याची, की लाल सरबत ६५० ला कसं खपवायचं.

तसं धर्माच्या नावाने बाटली विकणं काही आजचं नाही. शँपेनवाल्यांनी हाउव्हिये मठातल्या डॉम पेरिन्यों नावाच्या साधूचं नाव, तो १७१५ मध्ये वारल्यानंतर दोनशे वर्षांहून जास्त काळाने, १९३६ ला आपल्या महागड्या बाटलीवर लावलं. जर्मनीच्या ब्लू ननच्या लेबलावर तर जोगिणीच, आणि ती स्वस्तातली गोडसर वाइन जगभर खपली. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती तेव्हा कॅलिफोर्नियातली बोल्यू नावाची वाइनरी टिकली ती चर्चला वाइन पुरवून पुरवून, आणि दुसरीकडे आटवलेल्या द्राक्षाच्या विटा विकायचे, त्यावर सूचना असायची की पाण्यात घालून एवढे दिवस कपाटात ठेवू नका नाहीतर वाइन होईल. आपल्या गुजरातेत असल्या सूचनेचा अर्थ पोरंसोरंही काढतील. पण बघा, या सगळ्यांच्या बाटलीत निदान द्राक्ष होतं.

आमच्या मंडळीत काय करतात ते सांगते, म्हणजे तुलना होईल. डिसेंबरमध्ये नाशिकची द्राक्षं नीट सुरू झालेली नसतात, खरा हंगाम जानेवारी ते एप्रिल, म्हणून नाताळच्या प्रभुभोजनाला मनुके. काळे मनुके, बिया असले तरी चालतील, धुऊन रात्रभर भिजत घालायचे, सकाळी त्याच पाण्यात मंद उकळायचे, रवीने घुसळून फडक्यातून गाळायचे, परत एक उकळी, गार करून फ्रिजमध्ये. साखर नाही, रंग नाही, दोन-तीन दिवस छान टिकतो. आमच्या सासूबाई अजून खाटेवरून सूचना देतात, “जास्त आटवू नकोस गं, काकवी होईल.” खंडेराव मार्केटच्या बाजूला मनुके कुठेही मिळतात, आणि हॅम्परमधल्या एका बाटलीच्या पैशात अख्ख्या मंडळीचं होऊन उरतं.

आता ती कामाची वस्तू. प्रभुभोजनाचे तयार कप. छोटासा प्लॅस्टिकचा कप, त्यावर दोन पापुद्रे, वरचा पारदर्शक सोलला की पातळ पापडीसारखी भाकर, खालचं फॉइल सोललं की घोटभर रस. दिसायला कॉफीच्या दुधाची डबी. खोटं कशाला बोलू, बघून मी नाकच मुरडलं होतं. कोविडात चर्च बंद होती तेव्हा हे फार चाललं, कारण उघड होतं, एकाचा हात दुसऱ्याच्या पेल्याला लागायला नको. आणि हेही नवीन नाही बरं का, एका पेल्यातून सगळ्यांनी प्यायचं बंद होऊन इवल्या इवल्या वेगळ्या पेल्या आल्या त्याच मुळी १८९० च्या दशकात अमेरिकेत, जंतूंची भीती नवी नवी होती तेव्हा. आज आपण ट्रेमधून ज्या पेल्या घेतो त्या तिथल्याच.

तर सासूबाई आता घराबाहेर पडत नाहीत, पाळकसाहेब महिन्यातून एकदा घरी येतात. पेटी, पेली, रसाची बाटली, भाकर, सगळं स्कूटरवरून आणायचं, जिना चढायचा, त्यांचंही वय झालंय. हे पाकीट त्यांना दाखवलं तर म्हणाले ताई, हे हॉस्पिटलमध्ये फार बरं पडेल, तिथे उघडं काही न्यायला नर्स ओरडतात. मग एक कप सासूबाईंसाठी वापरून बघितला. फॉइल म्हाताऱ्या बोटांना सोलत नाही, हे पहिलं, ते आपण सोलून द्यायचं, आणि जोरात ओढलं तर रस अंगावर उडतो. भाकरीला चव नाही, पुठ्ठा. पण रसाच्या घटकांत द्राक्षाचा रस पहिला आहे, पाणी नाही, एवढ्यावरून मी त्याला पास केलं. बाटलीवाल्याने आणि कपवाल्याने एकाच खोक्यात बसून एवढा फरक करावा म्हणजे कमाल आहे. कचरा होतो, दर माणशी एक प्लॅस्टिक, म्हणून चर्चमध्ये दर रविवारी नकोच, आजाऱ्यांसाठी ठेवा.

बाकीचं भराभर. क्रूस ऑलिव्हच्या लाकडाचा नाही. बेथलेहेमचे कारागीर करतात तो क्रूस आमच्याकडे आहे, मावशी यात्रेला गेली होती तिने आणलेला, त्यात पिवळट लाकडावर तपकिरी लाटा असतात आणि दोन क्रूस कधी सारखे नसतात. याच्या लाटा छापील आहेत, कडेला कागद सुटलाय आणि खाली एमडीएफचा, म्हणजे दाबून केलेल्या फळीचा, भुसा. भिंतीवर लावायला हरकत नाही, प्रार्थनेला काय फरक पडतो, पण मग ‘ऑलिव्ह वुड’ लिहू नये.

जॉर्डनचं पाणी : कुपीवर ना भरल्याची तारीख, ना ठिकाण, ना आयात करणाऱ्याचं नाव. स्वच्छ पारदर्शक. जॉर्डन खालच्या अंगाला, जिथे बाप्तिस्म्याची जागा दाखवतात तिथे, चांगली गढूळ आहे, वरचं पाणी शेतीला आणि शहरांना काढून घेतात आणि उरतं ते असं. असू दे गाळलेलं, पण लिहा ना कुठे भरलं ते. आमच्या धाकट्याने विचारलं पिऊ का, मी कुपी काढून घेतली.

पोतडीत सोनं म्हणजे चॉकलेटच्या वर्खातली नाणी, ते गोड आहे, मुलं खूश. ऊद म्हणून जे खडे आहेत ते लोबान आहेत, आपल्या बाजारात लोबान म्हणून बहुतेक इंडोनेशियाकडून येणारा वेगळ्याच झाडाचा डिंक मिळतो, वासाला गोड, व्हॅनिलासारखा. बायबलमधला ऊद बॉस्वेलिया जातीच्या झाडाचा, त्याचा भाऊबंद म्हणजे सालई, तो आपल्या मध्य प्रदेशातल्या रानात भरपूर होतो आणि मांडवीत काष्ठौषधींच्या दुकानात सालई गुग्गुळ मागितला की स्वस्तात मिळतो, निखाऱ्यावर टाका आणि फरक बघा, लिंबासारखा ताजा वास येतो. गंधरसाच्या जागी काळे खडे होते, जाळले तर डांबराचा धूर, खिडक्या उघडायला लागल्या.

वचनांच्या गोळ्या पुदिन्याच्या, बऱ्या आहेत. हा प्रकारही अमेरिकेतून आलेला, तिथे श्वास ताजा करायच्या गोळ्यांच्या वेष्टनावर वचनं छापून विकतात आणि लोक घेतात. आमच्याकडे चिठ्ठी वाचल्याशिवाय गोळी खायची नाही असा नियम करून टाकला, संडे स्कूलच्या पोरांना पाठांतराला उपयोग झाला, तेवढं श्रेय देते. गुजराती वचनांत दोन ठिकाणी अध्यायाचा आकडा चुकीचा छापलाय.

आणि केक. केक फार छान आहे हो! बिनअंड्याचा आहे, हिरवा ठिपका आहे, त्यामुळे शेजारच्या गुजराती बेनना बिनधास्त देता आला, आणि दांडिया बाजारातल्या आमच्या आत्याबाईंच्या मैत्रिणींनाही, ज्या नाताळला आमच्याकडून केक आल्याशिवाय आम्हाला बोलूच देत नाहीत. प्लम केकमध्ये प्लम नसतो हे माहीत असेलच, मनुका, टुटीफ्रुटी, संत्र्याची साल, काजू. यात मनुके संत्र्याच्या रसात भिजवलेत, रमचा खोटा वास मारलेला नाही, जळक्या साखरेचा रंग आणि किंचित कडवटपणा नीट उतरलाय, सुंठ-लवंग-जायफळ बेताचं. कोरडा नाही. मालकाला खोदून विचारलं तेव्हा कळलं केक सप्लायरचा नाहीच, निजामपुऱ्यातल्या एक बाई घरी करतात, हा फक्त खोक्यात घालतो. बघा म्हणजे! त्या बाईंचं नाव खोक्यावर कुठेच नाही, क्रूस मात्र पाच ठिकाणी.

सर्व्हिसबद्दल. बाटली आणि क्रूस परत करायला गेले तर मालकाने वाद घातला नाही, खोका फोडलेला होता म्हणून पैसे नाही दिले पण तेवढ्या किमतीची कार्डं आणि एक मोठी कागदी चांदणी दिली, आणि म्हणाला लेबल तर वरूनच येतं बेन, मी काय करू. मी म्हटलं निदान ‘चर्चमां पण चाले’ म्हणू नका. तर म्हणे बरं.

१,८५० मधून मी केक आणि कप एवढेच मोजते, बाकीला पैसे देण्यासारखं काही नाही. कप सुटे मागितले तर तो मागवून देतो, पण सहाच्या पाकिटाला किती घेणार ते आधी ठरवून घ्या, मला एकदा एक आणि फोनवर दुसराच भाव सांगितला. केक सुटा ४२० ला मिळतो, काउंटरवर नसतो, आतून मागायला लागतो, आणि नाताळच्या आधीच्या आठवड्यात ऑर्डर बंद होते, तेव्हा डिसेंबर लागल्याबरोबर सांगून ठेवा आणि वितळलेल्या जिलेटिनचा लाल चेरीवाला नको, साधा द्या असं स्पष्ट सांगा.